वीर आणि विदूषक

अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत निघालेल्या चित्रकथांवर आमचें प्रेम आहे, हें कबूल करण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं. तथापि प्रेमानें विवेक झांकूं नये. यासाठीं त्या काळच्या दोन कृति वाचकांनीं शेजारीं ठेवून पाहाव्या.

१९६२ सालीं स्टॅन ली व स्टीव्ह डिट्को यांनीं ‘स्पायडर-मॅन’ निर्माण केला. अंगीं अद्भुत बळ आलेला हा शाळकरी मुलगा पळत्या चोरास केवळ गर्वामुळें अडवीत नाहीं. आणि तोच चोर पुढें त्याच्या पितृतुल्य चुलत्याचा प्राण घेतो. येथें पराक्रमाचा उगम पश्चात्तापांत आहे.

१९६६ सालीं दूरचित्रवाणीवर ‘बॅटमॅन’ मालिका सुरू झाली. तींत नायकाचें गांभीर्य हेंच विनोदाचें साधन. ठोसा बसतांच पडद्यावर मोठ्या अक्षरांत त्याचा आवाज उमटे, आणि ॲडम वेस्ट मात्र धर्मोपदेशकाच्या थाटांत बोलत राही. १२० भागांनंतर १९६८ सालीं ती बंद झाली.

या मालिकेनें चित्रकथांचा उपहास केला, असें पुष्कळ चाहते म्हणतात. आमचाही प्रथम तोच ग्रह होता. आज तो अर्धाच खरा वाटतो. निर्दोष वीरावर विश्वास ठेवणें कठीण झालें आहे, हें दोहोंनींही ओळखलें होतें. एकीनें त्या वीरास हंसून निरोप दिला. दुसरीनें त्यास अपराधी करून जगविलें. मालिका पाहून आम्ही अद्यापि हंसतों. परंतु पुन्हा पुन्हा उघडतों तीं पानें त्या अपराधी मुलाचीं.