न बोलता बोलायचं, पण कुठल्या भाषेत?

शाळेचा महोत्सव. वीज गेलीय, रॉक बँडची गिटार मुकी झालीय. काओरू पियानोवर बसतो. ज्याच्याशी त्याचं बोलणं जवळपास तुटलंय, तो सेंतारो ड्रम्सवर येतो. माफी नाही, खुलासा नाही. वाजवून होईपर्यंत भांडण मिटलेलं असतं.

‘किड्स ऑन द स्लोप’चा (२०१२) हा सातवा भाग. ‘संगीताला भाषा लागत नाही’ अशा कॅप्शनखाली याची क्लिप फिरते. मला हे कॅप्शन साफ चुकीचं वाटतं. भाषा लागते, आणि ती शिकावी लागते. पहिल्या भागात क्लासिकल शिकलेला काओरू ‘मोनिन’ वाजवायला बसतो; सूर सगळे बरोबर, पण स्विंगच नाही. मग रेकॉर्ड आणून तो एकटाच घासत बसतो. दोन सर्व्हर एकमेकांशी मुकाट बोलतात ते प्रोटोकॉल आधी ठरलेला असतो म्हणून. मैत्री नंतरची गोष्ट. आपल्या सोनेरी महालापाशी वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो, तिथे कधी समेच्या आधी तबलजीचे डोळे बघा. तेच चाललेलं असतं.

दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे यांना हे कळलं होतं. ताकाशी मात्सुनागा (पियानो) आणि शुन इशिवाका (ड्रम्स) यांना खरोखर वाजवताना चित्रित करून त्यावरून ॲनिमेशन केलं, त्यामुळे हात खोटं बोलत नाहीत. हाच इशिवाका पुढे ‘ब्लू जायंट’मध्ये (२०२३) नवशिक्या तामादासाठी मुद्दाम कच्चं वाजवतो. कमाल आहे! पण ऐन रंगात तो सिनेमा रंगांच्या लाटा उधळतो आणि कोण कोणाचं ऐकतंय ते दिसेनासं होतं.

आपल्याकडे? ‘कट्यार काळजात घुसली’त गाणं म्हणजे सामना: एक जिंकणार, एक हरणार. साथीदारांना चेहराच नाही. त्याआधी कितीतरी वर्षं, भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१), गोव्याचा खराखुरा जॅझ ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर आला. संगीत सी. रामचंद्रांचं, आणि चिक त्यांचा सहायक. झालरीचे शर्ट घातलेले ते वादक मजेत वाजवतात, पण कॅमेरा लगेच हिरो-हिरॉइनकडे पळतो. पुणतांब्याचा चितळकर आणि गोव्याचा ट्रम्पेटवाला तालमीत एकमेकांना कसे समजत असतील, कोण कोणाला नजरेनं थांबवत असेल? बारा भागांची सिरीज होईल यावर. मी पहिल्या दिवशी बघेन.