डांगे: पत्रकार आणि इतिहासकार

कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांचं नाव घेतलं की सभेत दोन तट पडतात. काहींना ते गिरणी कामगारांचे तारणहार, तर काहींना पक्षाच्या फुटीचे धनी. आम्ही या वादात पडणार नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे हा माणूस विचार कसा करत होता, एवढंच आज तपासू.

१९२१ साली, वयाच्या बाविशीच्या आत, डांगे यांनी 'गांधी विरुद्ध लेनिन' ही इंग्रजी पुस्तिका लिहिली. पुढच्याच वर्षी मुंबईत 'सोशॅलिस्ट' साप्ताहिक काढलं. तिकडे कलकत्त्यात मुजफ्फर अहमदही पत्रकारितेतूनच साम्यवादाकडे आले. १९२४ च्या कानपूर खटल्यात दोघांनाही चार वर्षांची शिक्षा झाली.

त्या पुस्तिकेत मार्क्सवादाचं ज्ञान कच्चं आहे, हे खरं. पण लेनिनची बाजू घेतानाही असहकारातली ताकद ती नाकारत नाही. तिथे विचार अजून चालू आहे. १९२८ च्या मुंबईच्या संपातही हेच दिसतं. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. भांडण कशावरून? विणकरानं दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे, यावरून! मोठा सिद्धांत तिथे साच्यांच्या हिशेबातून उभा राहिला.

आता १९४९ चं पुस्तक घ्या. आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतचा भारताचा प्रवास डांगे त्यात सांगतात. यज्ञ म्हणजे आर्यांची सामूहिक उत्पादनपद्धती, असं त्यांचं प्रतिपादन. दामोदर धर्मानंद कोसंबी, स्वतः मार्क्सवादी, त्यांनी या पुस्तकावर कठोर टीका केली. कारण सरळ होतं: चौकट आधी ठरली होती, पुरावे नंतर तिच्यात बसवले गेले.

कोणी म्हणेल, पुस्तक तुरुंगात लिहिलं, संदर्भ कुठून मिळणार? मान्य. पण साधनं कमी असली तर माहितीत उणीव राहील; ठामपणा का वाढावा? उलट तो कमी व्हायला हवा. आमच्या मते डांगे यांचा दोष मार्क्सवादी असण्याचा नाही. साच्यांचा हिशेब मांडणारी नजर त्यांनी इतिहासाला लावली नाही, हा तो दोष.

हे जुनं भांडण आज श्रीपुरात कशाला, असं वाटेल. आपलं गाव साखर कारखान्याचं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात, उचल मुकादमाकडून घेतात. मग त्यात बाईची मजुरी किती? 'कामगार वर्ग' हा शब्द नुसता उच्चारून याचं उत्तर मिळत नाही. फडात जाऊन विचारावं लागतं. तरुण डांगे यांच्याकडून घ्यायचं ते हे विचारणं, आणि कोसंबींकडून घ्यायचं ते आपल्याच माणसाच्या पुस्तकावरही परखड बोलण्याचं धैर्य. डांगे यांचा आदर करायचा तर त्यांना तपासूनच करावा.