लक्ष्मीबाईंचे माजघर

आमचे निमगाव सावा जुन्नर तालुक्यातले. याच तालुक्यात, ओतूरला, तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी. त्यामुळे तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे रेव्हरंड ना. वा. टिळकांचे म्हणणे मला परके वाटत नाही. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. मग काही वर्षे संसार दुभंगला. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी ते दुःख हसतहसत सांगितले आहे. तरीही मला त्यांचेच धर्मांतर अधिक खोल वाटते. टिळकांना विचाराने तिकडे नेले. सोवळ्यात वाढलेल्या या बाईंनी आधी कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरविले, बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली. मराठी मात्र माजघरातलीच राहिली. धर्म बदलला तरी माणूस बेघर होत नाही, याची याहून सच्ची साक्ष मी वाचलेली नाही.