गॉवेनचा हिरवा कमरपट्टा

मध्ययुगीन युरोपातील वीरकथा म्हटल्या, की चिलखत घातलेला सरदार, बुरुजावरची राजकन्या आणि आग ओकणारा ड्रॅगन एवढेच चित्र आपल्यापुढे उभे राहते. त्यामुळे हे वाङ्मय बालवाचनाचा विषय ठरून बाजूला पडले आहे. वस्तुतः 'रोमान्स' या शब्दाचा मूळ अर्थ लॅटिनऐवजी लोकभाषेत रचलेली कथा एवढाच होता. आणि बाराव्या शतकापासून या कथांनी एक गंभीर प्रश्न हाती घेतला. ज्याच्या कमरेला तलवार आहे, त्या माणसाने सज्जन कसे व्हावे?

या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. पहिले वीरधर्माचे : दिलेला शब्द पाळणे, स्वामीशी एकनिष्ठ राहणे, दुर्बलांचे रक्षण करणे. दुसरे उत्तर प्रेमाचे. गास्तों पारिस या फ्रेंच पंडिताने १८८३ साली त्याला 'दरबारी प्रेम' हे नाव रूढ केले. या प्रेमात सरदार आपल्या स्वामिनीचा दास होतो आणि तिच्या सेवेतून अधिक शूर व अधिक सुसंस्कृत बनतो. क्रेतिएँ द त्र्वा याने शांपाञच्या काउंटेस मारी यांच्या इच्छेवरून लिहिलेल्या काव्यात लान्सलॉट राणी ग्विनिव्हियरच्या शोधार्थ गुन्हेगारांच्या गाडीत बसतो. परंतु बसण्यापूर्वी तो दोन पावले घुटमळला, एवढ्याचाही राणीला राग येतो. कल्पना मोहक आहे. अडचण एवढीच, की ही स्वामिनी त्याच्याच राजाची धर्मपत्नी आहे. पॅरिसचे बिशप एतिएन तांपिए यांनी १२७७ साली प्रेमविषयक एका प्रसिद्ध ग्रंथाचा निषेध केला. आणि डांटेने आपल्या नरकलोकात पावलो व फ्रान्चेस्का या प्रेमिकांना ठेवले, ते तर लान्सलॉटचीच कथा एकत्र वाचता वाचता घसरले होते.

तथापि निषेध करणे सोपे आहे. वीरधर्म आणि दरबारी सौजन्य यांची आतून परीक्षा घेणे कठीण. ते काम चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका अनामिक इंग्रज कवीने केले. 'सर गॉवेन आणि हिरवा सरदार' हे सुमारे अडीच हजार ओळींचे त्याचे काव्य एकाच हस्तलिखितात उपलब्ध आहे. १७३१ साली ते ज्या ग्रंथसंग्रहात होते त्याला आग लागली, तिच्यातून ते वाचले. १८३९ साली ते प्रथम छापले गेले.

कथा अशी : नववर्षाच्या मेजवानीत आर्थर राजाच्या दरबारात एक हिरवा स्वार हिरव्या घोड्यावरून येतो. 'माझ्यावर कुऱ्हाडीचा एक घाव घाला. वर्षाने मी तो परत करीन,' असे त्याचे आव्हान. राजाऐवजी गॉवेन पुढे होतो आणि त्याचे मुंडके उडवतो. स्वार ते उचलून घेतो आणि निघून जातो! सर्व संतांच्या सणानंतर गॉवेन शब्द पाळण्यासाठी मृत्यूच्या वाटेला लागतो.

येथे कवी कथा थांबवून ढालीचे वर्णन करतो. लाल ढालीवर सोनेरी पंचकोनी तारा. त्यात पाच इंद्रिये, पाच बोटे, प्रभूच्या पाच जखमा, पवित्र मरियेचे पाच आनंद आणि पाच सद्गुण : औदार्य, बंधुभाव, निर्मळता, सौजन्य, करुणा. ढालीच्या आतल्या बाजूस मरियामातेचे चित्र. ही न संपणारी गाठ आहे. एक रेषा तुटली की सारी आकृती सुटते. काव्याचा सारा ताण याच ठिकाणी आहे.

नाताळच्या पूर्वसंध्येला मिस्सा ऐकण्यास जागा मिळावी म्हणून गॉवेन प्रार्थना करतो, आणि एक किल्ला दिसतो. किल्लेदार खेळ सुचवतो : दिवसभरात जे मिळेल त्याची संध्याकाळी अदलाबदल. तीन दिवस किल्लेदार शिकारीला जातो; तीन दिवस त्याची पत्नी गॉवेनच्या शय्येपाशी येते. तिला नकार द्यावा तर सौजन्य मोडते, होकार द्यावा तर निर्मळता आणि यजमानाशी असलेली निष्ठा. दरबारी प्रेमाने लपवून ठेवलेला पेच कवीने असा उघड्यावर आणला. गॉवेन मोहाला जिंकतो. पण प्राण वाचवणारा हिरवा रेशमी कमरपट्टा ती देते, तो घेतो आणि यजमानापासून लपवतो. त्याच दिवशी तो पापनिवेदनही करतो! पट्टा जवळ ठेवून केलेले ते पापनिवेदन पुरे होते काय, यावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. कॅथलिक असलेल्या टोल्किन यांनीही १९५३ सालच्या ग्लासगो येथील व्याख्यानात या प्रसंगाचा सविस्तर विचार केला.

ठरल्या जागी हिरवा सरदार दोन वेळा कुऱ्हाड रोखतो. तिसऱ्यांदा मानेवर फक्त ओरखडा काढतो. तोच तो किल्लेदार. गॉवेनचा दोष त्याला ठाऊक आहे. 'तुला जीव प्रिय होता' एवढेच म्हणून तो त्याला क्षमा करतो. आणि गॉवेन? तो स्वतःला भित्रा व लोभी म्हणतो. मग आदाम, सामसोन, दावीद, शलमोन यांची नावे घेऊन सगळा दोष स्त्रियांवर ढकलतो. तीन दिवस ज्याने सौजन्याची पराकाष्ठा केली, त्याच्या तोंडी हे शब्द! सद्गुण हा प्रतिष्ठेचा अलंकार असेल, तर प्रतिष्ठा जाताच तो गळून पडतो, हे कवीने एका भाषणात दाखवले. या सर्वांमागे मॉर्गन ल फे या चेटकिणीचा डाव होता, हा घाईने केलेला खुलासा मात्र कच्चा वाटतो. एवढ्या खोल परीक्षेला तिच्या मत्सराची गरज नव्हती.

गॉवेन पट्टा लांच्छन म्हणून खांद्यावरून गाठ मारून घालतो. दरबार हसतो, आणि प्रत्येक जण तसाच हिरवा पट्टा घालण्याचे ठरवतो. काही वाचकांना हे हसू उथळ वाटते. मला त्यात दयाही दिसते. ज्याचा दोष त्याला एकट्याने वाहायचा होता, तो सर्वांनी अंगावर घेतला. परंतु गॉवेन हसला, असे कवी सांगत नाही. मृत्यूपुढे मान वाकवणारा हा वीर क्षमेपुढे ताठ राहतो. निर्दोष असण्याचा त्याला इतका अभिमान होता, की क्षमा झालेला माणूस म्हणून जगणे त्याला जमत नाही.

पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला असा गॉवेन अपरिचित नसतो. पापक्षमा मिळालेली असते, घरच्यांनीही विसरून टाकलेले असते. तरी घराण्याच्या नावाला लागलेला डाग म्हणून तो माणूस वर्षानुवर्षे सणासमारंभात मागे उभा राहतो. त्याच्या नम्रतेचे आपण कौतुक करतो. ती खरोखर नम्रता आहे काय, हा प्रश्न सहाशे वर्षांपूर्वीच्या या कवीने विचारला आणि उत्तर वाचकावर सोडले. टोल्किन यांचे आधुनिक इंग्रजी भाषांतर १९७५ साली प्रसिद्ध झाले आहे. आपल्या घरातील महाविद्यालयीन तरुणांनी ते नाताळच्या सुट्टीत अवश्य वाचावे. वडीलधाऱ्यांनीही वाचावे.