राणी जेवली, पुढे काय?

वेरूळच्या कैलास लेण्यावरचे व्हिडिओ हा आता एक स्वतंत्र कथाप्रकार झाला आहे. त्याचा साचा ठरलेला असतो. आधी ड्रोन, मागे गूढ संगीत, मग आकडे: चार लाख टन दगड, १८ वर्षं, रोज बारा तास काम, म्हणजे दर तासाला पाच टन. इथे निवेदक थांबतो आणि विचारतो, हे माणसाला शक्य आहे का? उत्तरादाखल एक तर परग्रहवासी येतात, नाही तर आपल्या पूर्वजांचं हरवलेलं गुप्त तंत्रज्ञान.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आकडा मोठा दिसला की तो किती जणांत वाटला गेला, हे आधी बघायची सवय आहे. व्हिडिओचेच आकडे धरू. ताशी पाच टन म्हणजे पाच हजार किलो. समजा ५०० माणसं कामावर आहेत. माणशी ताशी दहा किलो. बेसॉल्टच्या हिशेबात साधारण साडेतीन लिटर, म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही. काम कंबरडं मोडणारं आहे, पण त्यासाठी परग्रहावरून कोणी यायची गरज पडत नाही. भागाकार पूर्ण न करणं हीच या कथाप्रकाराची मुख्य युक्ती आहे. भागायला घेतलं, की हातात छिन्नी-हातोडा असलेली माणसं दिसू लागतात आणि गूढ संपतं.

त्या १८ वर्षांचंही तसंच. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण साधारण इ.स. ७५६ ते ७७३ या काळात राज्यावर होता. म्हणजे हा राजाच्या कारकिर्दीचा आकडा बांधकामाला चिकटवलेला आहे. हर्मान गोएट्झ आणि म. के. ढवळीकर या अभ्यासकांनी इथल्या शैलींचे टप्पे तपासले आणि हा सगळा परिसर एकाच राजवटीत पुरा झाला, असं मानलं नाही.

याच लेण्याबद्दल मराठीत एक जुनी गोष्ट आहे, आणि या व्हिडिओंपेक्षा ती मला कितीतरी हुशार वाटते. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त ती येते. राजा आजारी पडतो. राणी शिवाला नवस करते: राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. स्थपती सांगतात, शिखर व्हायला कित्येक महिने लागतील. तोवर राणी जगणार कशी? तेव्हा पैठणचा कोकस पुढे येतो आणि आठवड्यात शिखर दाखवतो, कारण तो डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरायला घेतो.

या गोष्टीत चमत्कार नाही. अडचण आहे, मुदत आहे आणि कामाचा क्रम बदलणारा एक माणूस आहे. राणीने 'देऊळ पूर्ण झालेलं' नव्हे, तर 'शिखर दिसलेलं' मागितलं आहे, हे कोकस नीट ऐकतो. आमच्या मीटिंगांमध्ये इतकं नीट ऐकणारा माणूस क्वचित भेटतो.

कोरण्याचा हा क्रमही खरा आहे. डोंगरात तीन बाजूंनी चर खोदून मधला कातळ सुटा केला. खोदलेली जागा सुमारे ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद. मागची कड सुमारे ३३ मीटर उंच. वरून खाली येताना शिखर कोरायला परात बांधावी लागत नाही, कारण अजून न खोदलेला कातळच पायाखाली असतो. एकही दगड वर चढवायचा नसतो, फक्त निघालेली खांडकी बाहेर न्यायची असतात. शिवाय वरचं नक्षीकाम आणि खालचं खोदकाम एकाच वेळी चालू शकतं. मोबदल्यात एक जोखीम पत्करावी लागते: खालच्या मजल्याचं माप वर असतानाच पक्कं हवं, कारण कातळ पुन्हा उगवत नाही.

तरी गोष्टीवर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला, ती कारण उलटं लावते. डोंगर कोरणारे कारागीर वरून खाली येण्याचं तंत्र कोकसाच्या आधीपासून जाणत होते. अजिंठ्यापासून पाहिलं तर पश्चिम भारतात लेणी कोरण्याचा कित्येक शतकांचा अनुभव जमा होता, आणि कैलासच्या आराखड्यावर पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराची छाप उघड दिसते. एका आठवड्यातल्या एका कल्पनेवर हे उभं राहिलेलं नाही. गंमत म्हणजे कोकसही एकटा उरत नाही. मध्य भारतातल्या ११ ते १३ व्या शतकांतल्या शिलालेखांत स्वतःला कोकसाच्या घराण्यातले म्हणवणारे स्थपती भेटतात, हे ढवळीकरांनी दाखवलं आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. राणी जेवते आणि गोष्ट संपते. शिखराखाली अख्खं देऊळ अजून कातळात असतं. उरलेलं काम कोणी केलं, खांडकी कोणी वाहिली, हे विचारायला गोष्ट थांबत नाही. बडोद्याच्या इ.स. ८१२-१३ च्या ताम्रपटातही कर्त्या शिल्पीला स्वतःच्याच कामाचं आश्चर्य वाटल्याचं वर्णन आहे, पण त्याचं नाव नाही. व्हिडिओ तर याच्याही पुढे जातात: त्यांत माणूसच उरत नाही. परग्रहवासी म्हणा की गुप्त तंत्रज्ञान, श्रेय हातांकडून काढून घेतलं जातं ते जातंच. 'आपल्या पूर्वजांचा अभिमान' म्हणून असा व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्याने नेमक्या कोणत्या पूर्वजांना वगळलं, हे एकदा बघावं.

वेरूळला गेलात तर हत्ती आणि शिखर पाहून झाल्यावर भोवतीच्या उभ्या कड्यांकडेही बघा. तिथे मूर्ती नाहीत तिथे छिन्नीचे लांब ओरखडे आहेत, एकाशेजारी एक. व्हिडिओवाले तेच दाखवून यंत्राच्या खुणा म्हणतात. एखाद्या ओरखड्याजवळ उभं राहून तो ओढणाऱ्याचा हात कुठून कुठपर्यंत पोचत असेल, याचा अंदाज घ्या.