वक्त्याचा पुरावा : बाबासाहेबांच्या एका भाषणाच्या निमित्ताने

१४ एप्रिलच्या सभांतून, मग ती कृष्णाकाठच्या उंब्रजची असो वा एखाद्या विद्यापीठाची, ‘भिक्खुसंघात लोकशाही होती’ हे विधान हमखास ऐकू येते. विधान निराधार नाही. परंतु पुराव्यावाचून ती केवळ घोषणा ठरते. पुरावा कसा द्यावा, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणावरून अभ्यासण्यासारखे आहे.

तेथे बाबासाहेब संघाची नुसती स्तुती करीत नाहीत. आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतगणना, गुप्त मतदान अशी कार्यपद्धतीच नावानिशी मांडतात. या बाबी विनयपिटकात पडताळता येतात. प्रस्ताव म्हणजे ञत्ति; महत्त्वाच्या संघकर्मात त्यानंतर तीन वेळा अनुस्सावन होई आणि मौन ही संमती मानली जाई. संघकर्मास किमान चार भिक्खू लागत. उपसंपदेस मध्यदेशात दहा, प्रत्यंत जनपदांत पाच. श्रोत्याच्या हाती विशेषण नव्हे, तर तपासता येईल अशी वस्तू दिली जाते. हे नियम तत्कालीन राजकीय सभांवरून आले असावेत, हे मात्र अनुमान होय आणि बाबासाहेबांनी ते अनुमानाच्याच भाषेत मांडले आहे.

शिवाय हा पुरावा अभिमानापाशी थांबत नाही. भारताने ही व्यवस्था एकदा गमावली. ती पुन्हा गमावली जाईल काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. आमचे बहुतेक वक्ते पूर्वार्ध उचलतात आणि इशारा गाळतात. मग पुरावा केवळ अलंकार होतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे : अडचणीचा पुरावा लपविणे. चुल्लवग्गात सलाका वाटून बहुमत घेण्याची रीत आहे, गुप्त पद्धतही आहे. परंतु अधम्मवादींची संख्या अधिक भरल्यास ती मोजणी अग्राह्य ठरवावी, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे संघात मतदान होते. पण बहुमत म्हणजेच धम्म, असे तेथे मानलेले नाही. हे वक्त्याने स्वतःहून सांगावे. विरोधकाने ते दाखविले, तर खरे विधानही संशयास्पद ठरते.

महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसांचा आशय हाच आहे. सांगणारा कितीही थोर असो, त्याचे म्हणणे सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे. जुळले तरच स्वीकारावे. हा अधिकार श्रोत्याचा आहे. ज्या भाषणात त्याला तशी जागाच ठेवलेली नाही, ते कितीही टाळ्या घेवो, धम्माच्या कसोटीस उतरत नाही.