नवजाताचे ‘कच्चे पोट’ : एका गृहीतकाची चिकित्सा

नवजात अर्भकाचे पोट कच्चे असते, म्हणून त्यास बाहेरून पाचक द्रव्ये द्यावीत, असे प्रतिपादन बाळगुटीच्या समर्थनार्थ करण्यात येते. मुरडशेंग, वेखंड, हिरडा, जायफळ यांचे सहाणेवर उगाळलेले वेढे मराठी घरांना सुपरिचित आहेत. या प्रतिपादनामागील गृहीतक शरीरक्रियाविज्ञानाच्या कसोटीस कितपत उतरते, हे पाहणे अगत्याचे आहे.

पचनसंप्रेरकांच्या अभ्यासाचा प्रारंभ १९०२ मध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी लावलेल्या सिक्रेटिनच्या शोधाने झाला. ही संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशी गर्भाच्या आतड्यात पहिल्या तिमाहीतच दिसू लागतात. ल्युकस, ब्लूम व एन्सली-ग्रीन यांनी १९७० व १९८० च्या दशकांत ब्रिटनमध्ये केलेल्या मापनांत, दूध सुरू झाल्यावर नवजातांच्या रक्तातील गॅस्ट्रिन, मोटिलिन व एन्टरोग्लुकॅगॉन यांची पातळी चढत गेलेली आढळली. ज्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचे पोषण केवळ शिरेवाटे झाले, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. म्हणजे संप्रेरकनिर्मितीची यंत्रणा जन्मतः सिद्ध असते. तिला चालना मिळते ती पोटात गेलेल्या आहाराने.

तथापि या निष्कर्षाचाही अतिरेक होऊ नये. रक्तातील पातळी म्हणजे प्रत्यक्ष कार्य नव्हे. नवजाताच्या रक्तात गॅस्ट्रिन विपुल असूनही जठरातील आम्लस्राव अल्प असतो. स्वादुपिंडातील अमायलेज कित्येक महिने तुटपुंजे राहते. अत्यल्प दूध लवकर सुरू केल्याने अपुऱ्या दिवसांची बालके अधिक सुखरूप राहतात, हेही २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यातून सिद्ध झाले नाही.

तेव्हा ‘कच्चेपणा’त तथ्यांश आहे, परंतु त्यातून गुटीचे समर्थन निष्पन्न होत नाही. स्निग्धांशाच्या पचनास लागणारे लायपेज मातेच्या दुधातच असते. उलट अस्वच्छ सहाणेतून व पाण्यातून जंतुसंसर्गाचे, तर मधातून बोट्युलिझमचे भय संभवते.

धाराशिव जिल्ह्यातील माकणीसारख्या शेतकरी गावात वासराला चीक पाजावा, हे कोणास शिकवावे लागत नाही. मातेचा चीक पिळून टाकण्याची रूढी मात्र महाराष्ट्रात दीर्घकाळ आढळत आली. जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान व सहा महिने केवळ मातेचे दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस या विसंगतीचे उत्तर होय. अर्भकाचे पोट कच्चे असेल, तर तो मातेच्या दुधाच्याच बाजूचा युक्तिवाद ठरतो.